नालीचं पाणी घरात शिरलं, संडास उलटला. आता आधी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वर्धा नदीच्या काठचं गाव. घर अर्धं जुनं मातीचं, अर्धं नवीन स्लॅबचं. रात्रभर पाऊस झाला, गावची नाली तुंबली आणि पहाटे सपरीपासून सैंपाकखोलीपर्यंत गुडघाभर पाणी. त्यातलं काही नालीचं, काही तुमच्याच संडासाच्या भांड्यातून उलटून आलेलं. अंगणातली विहीर शेजाऱ्यांशी सामाईक, तिच्यातही ते पाणी गेलं. घरात सासू-सासरे आणि तीन वर्षांचं लेकरू. तुमचे मालक म्हणतात, टाकीचं झाकण काढून आपणच उपसून घेऊ. सासूबाई म्हणतात, फिनाईल टाकून लगेच सारवून घेऊ. आणि कोणीतरी विहिरीत लाल औषध टाकायला सांगितलं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होतो. विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं, पाण्यात क्लोरीन किती उरला हे पाहणारी ओ.टी. टेस्ट करणं, साथ आली की घरोघर फिरणं, यातच नोकरी गेली. त्या तिन्ही सल्ल्यांना माझं उत्तर एकच आहे, थांबा. कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

टाकीचं आधी सांगतो, कारण तिथली चूक दवाखान्यात नेऊन दुरुस्त होत नाही. सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही. पाच मिनिटांसाठी नाही, कमरेला दोर बांधून नाही, "फक्त पाइपात अडकलेला बोळा काढतो" म्हणूनही नाही. मैला सडताना आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात, आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण हा वायू जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस वाकतो आणि तिथेच पडतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाच्या मागे शेजारी. या अपघातांत एकाच घरातले दोन-तीन जण जातात ते यामुळेच. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे कामाची नाही. विषारी वायू कंदिलाला कळत नाही, आणि मिथेन असला तर तो पेटतो. टाकीजवळ बिडीसुद्धा नको. सुरक्षेची साधनं न देता माणसाला टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो मजूर राजीखुशीने तयार असला तरी.

बरं, गाडी बोलावून उपसायची, तर तीही आज नको. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस लागला की ती फुगते आणि शोषखड्ड्यातलं पाणी जिरणं जवळजवळ बंद होतं. टाकीच्या चहूबाजूंनी जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली, तर बाहेरच्या पाण्याचा दाब तिच्या भिंतींवर येतो. रिंगांची किंवा विटांची टाकी आत ढासळते. प्लास्टिकची टाकी तर उचलली जाऊन वर येते आणि पाइप तुटतात. शिवाय आज उपसलेली टाकी उद्या सकाळी झिरप्याने परत भरते, गाडीचे पैसे पाण्यात. विहिरीतली पातळी उतरू लागली, अंगणात पाय रुतेनासा झाला की मग तालुक्याच्या नगर परिषदेची किंवा नगर पंचायतीची मैला उपसणारी गाडी बोलवा. तोवर टाकीचं झाकण घट्ट बसवून वर दगड ठेवा. पाण्याखाली गेलेलं उघडं झाकण दिसत नाही, आणि तुमच्याकडे लेकरू आहे.

तोवर संडास बंद म्हणजे बंद. एक तांब्या पाणी ओतलं तरी ते घरातच परत येणार. प्लास्टिकच्या पोत्यात रेती भरून ते पोतं संडासाच्या भांड्यावर ठेवा, दुसरं न्हाणीच्या जाळीवर. मोठ्यांनी उंचावरच्या कोणाच्या तरी घरचा संडास किंवा ग्रामपंचायतीचा सार्वजनिक संडास वापरावा. म्हातारी माणसं आणि लेकरू यांच्यासाठी झाकणाच्या बादलीत राख घालून सोय करा. ती बादली विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात रिकामी करायची आणि वर माती ओढायची. नाल्याकाठी जाऊ नका. तिथली घाण पुढच्या सरीला कोणाच्या तरी अंगणात जाते.

विजेचं थोडक्यात. पाणी मीटरच्या किंवा बोर्डाच्या उंचीपर्यंत गेलं असेल, किंवा मेन स्विचपर्यंत पोचायला पाण्यातून चालावं लागत असेल, तर स्विचला हात लावू नका. वायरमनला फोन करून डीपीवरूनच लाइन बंद करून घ्या. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर आणि घरातला इन्व्हर्टर विसरू नका. गावची लाइन गेली तरी इन्व्हर्टर घरात करंट देतच असतो. भिजलेली बटणं वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायची नाहीत. गॅसचं रेग्युलेटर पाण्यात बुडालं असेल तर ते एजन्सीकडून तपासून घ्या.

आता आत कोणी जायचं? लेकरू, सासू-सासरे, आणि घरात किंवा मदतीला येणाऱ्यांत कोणी गर्भवती असेल तर ती, यांनी या कामाला हात लावायचा नाही. सांडपाण्यातून पसरणाऱ्या कावीळीचा एक प्रकार गर्भवतीच्या जिवावर बेततो, म्हणून हे सांगणं. बाकीच्यांनी गमबूट, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडाला मास्क एवढं तरी घालावं. कपाशीच्या फवारणीचा संच घरात असेल तर त्यातला चष्मा आणि मोजे चालतील, पण आधी साबणाने धुऊन घ्या. हाता-पायाला चीर असेल तर ती झाकून वर प्लास्टिक बांधा. आणि काठीने ठोकत चला. पुराच्या पाण्याबरोबर साप आणि विंचूही कोरडी जागा शोधत घरात येतात. पोत्यांच्या थप्पीमागे, चुलीच्या कोनाड्यात, दाराच्या फळीखाली हमखास.

फवारणीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण शहरातल्या माहितीपत्रकांत ती नसते. आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटल्या, औषध लावलेलं बियाणं, तणनाशक हे सगळं घरातच, पुष्कळदा पलंगाखाली असतं. आत गेल्यावर पहिल्यांदा ते पाहा. बाटली फुटली किंवा उलटली असेल, तर ते पाणी आता नुसतं घाण राहिलेलं नाही, ते विष आहे. टीसीएलने ते मरत नाही, उकळून जात नाही. असं पाणी विहिरीत गेल्याची शंका जरी असेल तरी तिचं पाणी पिण्या-सैंपाकाला बंद. कृषी सहायक आणि आरोग्य केंद्र दोघांना कळवा, आणि तपासणी झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

काही फेकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं ती रेघ, भिजलेलं धान्य, कोसळलेली भिंत, सगळं. तलाठ्याला त्याच दिवशी कळवा. पंचनामा व्हायचा म्हणून कुजकं धान्य आठ दिवस घरात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याची गरज नाही. ते पोत्यासकट बाहेर ताडपत्रीखाली ठेवा.

आता सफाई. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकी सगळं आपोआप सुचतं. टीसीएल घाणीवर टाकली तर ती घाणच तिला खाऊन टाकते. गाळ, शेण, मैला, कुजका पालापाचोळा यांत असलेल्या पदार्थांशी क्लोरीनची आधी गाठ पडते आणि जंतूंपर्यंत काही उरत नाही. नालीच्या कडेने पांढरी पावडर भुरभुरलेली तुम्ही दरवर्षी पाहता. फोटोला ती बरी दिसते, पण त्या काळ्या गाळावर तिचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून आधी घाण काढायची, मग धुवायचं, मग औषध. फरशी असो, विहीर असो की पिण्याच्या पाण्याचा गुंड, क्रम हाच. फिनाईलचंही तेच. वास छान येतो आणि काम झालं असं वाटतं.

पाणी उतरलं की गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून घमेल्यात भरा. वाळला की झाडताना धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते, म्हणून कोरडा खराटा मारू नका. हा गाळ नालीत लोटायचा नाही आणि शेणाच्या उकंड्यावरही नाही. विहिरीपासून निदान ५० फूट लांब, उताराच्या बाजूला खड्डा करा, त्यात टाका, चुना भुरभुरा आणि मातीने बुजवा. मेलेल्या उंदीर-कोंबड्यांचंही असंच, फक्त खड्डा खोल हवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.

स्लॅबच्या खोल्यांतली फरशी आधी कपड्याच्या साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा. दोनदा. पाणी स्वच्छ निघायला लागलं की टीसीएलचं द्रावण. १० लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीला १५० ते २०० ग्रॅम पावडर. मोजायला किराणा दुकानाचा काटा बरा, मूठ नको. आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली भरा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. खालचा चोथा चुन्याचा असतो. फरशी आणि पाण्याच्या रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंतची भिंत ओली करा, पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग धुवा. खिडक्या-दारं सताड उघडी. आणि एक सक्त ताकीद: संडास धुवायचं ॲसिड आणि टीसीएल एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच जागी ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि न्हाणीसारख्या कोंदट जागेत तो फुप्फुसं जाळतो. "दोन्ही टाकलं की जास्त साफ होईल" या समजुतीने लोकांचे श्वास कोंडले आहेत.

स्टीलची आणि पितळेची भांडी साबणाने घासून, १० लिटरला ४० ग्रॅम या हिशोबाच्या हलक्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ पाण्याने विसळा. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, गंज (पातेली) त्यात काळे पडतात, ते उकळत्या पाण्यातून काढा. माठ फेकून द्या. माठाला छिद्रं असतात आणि आतली घाण निघत नाही.

मातीच्या खोल्यांचं मात्र वेगळं. इथे सासूबाईंचा मान राखून सांगतो, लगेच सारवू नका. सारवलेली जमीन म्हणजे माती आणि शेण. तिच्यावर टीसीएल ओतणं वाया, कारण ती पावडर तिथल्या तिथे संपते. ओल्या, घाण शिरलेल्या जमिनीवर ताजं शेण फिरवलं तर घाण खाली दाबली जाते, आणि शेणातही जंतू असतातच. त्याऐवजी वरचा दोन-तीन बोटांचा थर खरवडून काढा आणि तो त्याच खड्ड्यात टाका. मग चुन्याची निवळी शिंपडून जमीन उघडी ठेवा. पाय ठेवल्यावर ओल जाणवेनाशी झाली की कोरडा मुरूम किंवा शेतातली स्वच्छ माती टाकून चोपणी करा. त्यानंतर खुशाल सारवा. श्रावणातल्या उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून यासाठी पंधरा दिवससुद्धा लागतात. तोवर लेकराला त्या जमिनीवर रांगू-खेळू द्यायचं नाही. स्लॅबच्या खोलीत पलंगावर त्याची जागा करा.

मातीच्या भिंतींना पाण्याचा पाइप लावून धुवू नका. भिजलेली भिंत पाऊस सुरू असताना उभी राहते आणि ऊन पडल्यावर, सुकताना, आकसून भेगाळते. पडझड बरेचदा उघाड पडल्यावरच होते. पायाजवळ आडवी भेग, फुगून पोट काढलेला भाग किंवा सरकलेलं आढं दिसलं तर त्या खोलीत झोपू नका आणि भिंतीला टेकून सामान रचू नका. चुन्याचा हात भिंत पूर्ण वाळल्यावर द्या. ऑइल पेंटची घाई तर मुळीच नको, आतली ओल कोंडते आणि बुरशी धरते.

कपडे गरम पाण्यात, साबण सोडा घालून, घरच्या रोजच्या धुण्यापासून वेगळे धुवा. गोधड्या, वाकळा धुऊन कडक वाळल्या तर राहतील. सांडपाण्यात भिजलेली कापसाची गादी मात्र वाचत नाही. घरचा कापूस आहे, पिंजून परत भरू, असं मनात येतं. पण पिंजणाऱ्याच्या नाकात काय जाईल याचा विचार करा. धान्याचं त्याहून अवघड, कारण ते टाकायला हात धजत नाही. नालीच्या पाण्यात भिजलेली ज्वारी, तूर, गहू, पीठ, मिरची-हळद खायची नाही, वाळवूनही नाही. वरून वाळलेला दाणा आतून बुरशी धरतो आणि त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. म्हणून ते ढोरांनाही घालू नका. पाण्याच्या वर राहिलेली कोठी किंवा घट्ट झाकणाचा डबा बाहेरून धुऊन वापरता येईल.

आता विहीर. यावर जास्त लिहितो, कारण शेजाऱ्यांसकट किती घरं तिच्यावर आहेत याचा हिशोब तुम्हीच करा.

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकलं की पाणी गुलाबी होतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. कॉलऱ्याच्या जंतूवर त्याचा परिणाम होतो, पण बाकीच्यांवर भरवसा ठेवण्याजोगा नाही. विहिरीसाठी ते वापरू नका. टीसीएलच वापरा, आणि तीही चांगली. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. डबा उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही, पावडरीचे गोळे झाले असतील, तर तो गेल्या वर्षीचा माल आहे असं समजा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चालू साठा असतो आणि त्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिथूनच मागा.

आधी मोटर लावून पाणी उपसायचं. इंजिन डिझेलचं असेल तर ते विहिरीच्या बाहेर, लांब. आत उतरवलेल्या इंजिनाचा धूर विहिरीत साचतो आणि गाळ काढायला उतरलेला माणूस त्यानेच जातो. विहीर बांधीव नसेल तर एका दमात तळ गाठू नका. बाजूची जमीन भरलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की काठ खचतो. थोडं उपसा, थांबा, परत उपसा. गाळ काढायचा असेल तर तो विहिरीच्या कामातल्या सवयीच्या माणसांकडून आणि काठ पक्का असेल तरच. नाहीतर तेवढं काम उन्हाळ्यावर ठेवा.

नवं पाणी भरलं आणि निवळलं की मात्रेचा हिशोब. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, आणि विहिरीचा व्यास मोजा, दोन्ही मीटरमध्ये. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, म्हणजे तुमचे लिटर. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर, तर ३ × ३ × ४ × ७८५, म्हणजे साधारण २८,००० लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास टीसीएल पुरते. पण मैल्याचं पाणी गेलेल्या विहिरीला एकदा तरी भारी मात्रा द्यावी लागते. २५ टक्के क्लोरीनची पावडर धरली तर हजार लिटरला २०० ग्रॅम. या विहिरीला सुमारे साडेपाच-पावणेसहा किलो झाली. ही एका बादलीत कोंबायची नाही. थोडी थोडी करून, पेस्ट करून, निवळवून, वरचं पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडा आणि पोहरा खालीवर हलवत पाणी ढवळा. कठड्याच्या आतल्या बाजूलाही ते पाणी ओता. मग विहीर २४ तास बंद. शेजाऱ्यांना आधी सांगा आणि रहाटाची दोरीच काढून ठेवा, म्हणजे सकाळी सवयीने कोणी पोहरा टाकणार नाही.

दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी नाल्यात किंवा वाफ्यात सोडू नका, मोकळ्या रस्त्याकडे जिरू द्या. मग जलसुरक्षकाकडून ओ.टी. टेस्ट करून घ्या. नळीत फिका पिवळा रंग यायला हवा. पाण्यात क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरला पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५ असला तर बरं. अजिबात रंग आला नाही, म्हणजे घाण अजून पावडर खाते आहे. मात्रा परत द्या. रंग आला तरी पाण्याचा नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासायला पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी धुण्या-भांड्यालाच.

घरी बोअर असेल आणि केसिंगवरून पाणी गेलं असेल, तर तिथेही हेच. सहा इंची बोअरमध्ये दर मीटर पाण्याला १८ लिटर धरा. ६० मीटर पाणी असेल तर ११०० लिटर, म्हणजे पावकिलोच्या आतली टीसीएल.

तोवर प्यायचं काय? टँकर आला तर ठीक, पण त्यालाही ओ.टी. लावून बघा. नळाचं पाणी असेल तर आधी थोडा वेळ वाहू द्या. आपल्या गावांत नळाचा पाइप बरेचदा नालीतूनच गेलेला असतो. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी आत ओढलं जातं, ते सकाळी पहिल्यांदा तुमच्या गुंडात येतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दुहेरी कापडातून गाळा. एवढ्यावर थांबू नका. तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. त्यानंतर खळखळून उकळा, किंवा आशाताईकडचं मेडिक्लोर, म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने टाकून अर्धा तास थांबा. लेकराला उकळलेलंच द्या. २०२२च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. नळाचं पाणी बंद होतं आणि लोकांनी जवळची उघडी विहीर धरली. पावसाळ्यात हे कुठल्याही गावात होऊ शकतं.

आजारपणाकडे लक्ष दोन महिने ठेवा, चार दिवस नाही. हगवण-उलटी पहिल्या आठवड्यातच दिसते. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी. कावीळ आणखी उशिरा. पोळ्याला पोटात गेलेलं पाणी नवरात्रात डोळे पिवळे करतं, आणि तोवर लोकांना पूर आठवतही नसतो. जुलाब लागले की ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. लेकराला आशाताईकडून झिंकच्या गोळ्याही घ्या. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल जाणं, लघवी बंद होणं, लेकरू सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवा आणि १०८ला फोन करा.

आणखी एक ताप लक्षात ठेवा, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या आणि ढोरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून कातडीच्या चिरांतून शिरतात. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं. डॉक्टरांना "मी घाण पाण्यात काम केलं" हे वाक्य आपणहून सांगा. ते न सांगितल्यामुळे हा ताप मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत हरवतो. या कामाला उतरणाऱ्यांनी प्रतिबंधाची गोळी घ्यावी का, हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधीच विचारा. मनाने घेऊ नका. कामात खिळा, पत्रा लागला तर साबणाने जखम धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

शेवटी, हे दरवर्षी होऊ नये यासाठी. तुमच्या वर्णनावरून दिसतं की टाकीचं जास्तीचं पाणी नेणारा पाइप नालीत सोडलेला आहे. नाली भरली की तोच पाइप उलटा चालतो, टाकी भरते आणि घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे संडासाच्या भांड्यातून, पाणी बाहेर येतं. नाली उपसून ठेवली तरी मोठ्या पावसात ती भरणारच. त्या पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतो, प्लंबर बसवून देतो. त्याची झडप दर पावसाळ्याआधी उघडून साफ करावी लागते, नाहीतर कचरा अडकून ती उघडीच राहते. संडासाची फरशी निदान अंगणापेक्षा दीड-दोन फूट उंच घ्या. पुराची रेघ भिंतीवर आहेच, गवंड्याला तीच दाखवा.

शेजाऱ्यांकडे दोन खड्ड्यांचा संडास असेल तर त्यांना हे सांगा. जो खड्डा खत व्हायला बंद करून ठेवला होता, त्यात पुराचं पाणी गेलं असेल तर त्याची मुदत आजपासून नव्याने मोजायची, निदान दीड-दोन वर्षं. मागचं वर्ष धरून दिवाळीनंतर तो उकरला, तर खताबरोबर जिवंत जंतूही वावरात जातील. आणि नवा खड्डा करायचाच असेल तर तो मे महिन्यात करा. काळ्या मातीत खड्ड्याच्या चारही बाजूंनी वीतभर रेती आणि गिट्टीचा भराव घालायला गवंडी कंटाळा करतात, तेव्हा तिथे उभं राहून तो घालून घ्या.

विहीर उपसायला सुरुवात कराल त्या दिवशी पाण्याची खोली आणि व्यास कळवा. मात्रा मी मोजून देतो.